मोजणीचे तीन दिवस

रम्ली चौकात बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी कधी येणार हे एक देवाला ठाऊक असायचं आणि दुसरं उम्म शहातला. कैरोतला तो उड्डाणपुलाचा उतार जिथं चौकाला टेकतो, तिथं समोरच जुनं नांदरूक होतं आणि नांदरुकाच्या बुंध्याशी तिची चहाची जागा. बाकी चौकातून कुठूनही पुलाकडे बघा, मध्ये मिनीबसचे टप नाहीतर औषधाच्या दुकानाची पाटी यायची. तिच्या जागेवरून मात्र पुलाचा माथा तळहातासारखा दिसे. माथ्यावर निळी गाडी डोकावली, की हातातला चमचा ती तुपाच्या रिकाम्या डब्यावर हाणायची. तीन ठोके, घाईचे. चौथा मारायची पाळी बावीस वर्षांत आली नव्हती.

त्यानंतर जे व्हायचं ते बघण्यासारखं असे. झनाती जमिनीवर चादर पसरून मोजे-बनियन विकायचा. चादरीच्या चारी टोकांना दोऱ्या शिवलेल्या. दोऱ्या एकदम ओढल्या की दुकानाचं गाठोडं व्हायचं, आणि गाठोडं खांद्यावर टाकलं की झनाती म्हणजे गावाला निघालेला कुणी गरीब पाहुणा. बखीत वालाच्या उसळीची गाडी शिंप्यांच्या बोळात ढकलायचा. अर्धं खाऊन झालेली गिऱ्हाइकं वाडग्यासकट त्याच्या मागे पळायची, कारण भाकरी गाडीवरच राहिलेली असायची. संत्रीवाल्या बाया टोपल्यांवर बसायच्या आणि वरून झगे पसरायच्या. गाडी खाली येईतो चौक असा मोकळा, जणू इथं कधी कुणी पोट भरलंच नव्हतं. साहेब उतरायचा, कमरेवर हात ठेवून चौफेर बघायचा, संत्र्यांचा वास नाकात भरून घ्यायचा आणि परत गाडीत बसायचा.

उम्म शहात म्हणजे शहातची आई; तिचं खरं नाव इन्शिराह. पण त्या नावानं हाक मारणारं आता हयात कुणी उरलं नव्हतं. सोहागकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन कैरोत आली. दोन पोरं पाळण्यातच गेली म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं शहात ठेवलं. शहात म्हणजे भिकारी. असल्या नावाकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. मरणानं नाही बघितलं हे खरं, पण पोरगा लिबियात कामाला गेला आणि मग त्यानंही आईकडे फारसं बघितलं नाही. ईदला फोन यायचा. नवरा अब्दुल-आल एका सहा मजली इमारतीचा राखणदार होता, जिन्याखालच्या खोलीत संसार. तो काविळीनं पोट फुगून गेला आणि चाळिसावा उरकतो न उरकतो तोच मालकानं खोली मागितली. त्या दिवशी तिनं एक स्टो, सहा पेले आणि एक किटली घेतली आणि नांदरुकाखाली येऊन बसली. जिन्याखालची खोली मालकाची होती, गावचं घर दिरांचं होतं. ही एवढी चार हात जमीन तिला कुणी दिली नव्हती, म्हणून ती कुणी काढून घेईल असं तिला कधी वाटलं नाही. वाटलं नाही म्हणजे काय, बलदियानं चार वेळा भांडी जप्त केली, एकदा ती गाडीच्या चाकापुढे आडवी पडली. पण पाचव्या दिवशी ती पुन्हा तिथंच. जागा भांड्यांत नसते.

मग त्या वर्षी ते नकाशेवाले आले.

रमजान सरून महिना झाला असेल. सकाळी नऊच्या सुमाराला पुलावरून तीन माणसं चालत उतरली. दोन पोरगे आणि एक पोरगी, अंगात केशरी जाकिटं, हातात पाट्या आणि बोटांत काहीतरी टिकटिक करणारं. केशरी जाकीट म्हटलं की सरकार. सरकार पायी आलं म्हणून काय झालं? उम्म शहातनं चमचा उचलला.

ठण ठण ठण.

दोन मिनिटांत चौक पुसून काढल्यासारखा झाला. ती तिघं चौकाच्या तीन कोपऱ्यांना उभी राहिली आणि टिकटिक करू लागली. दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. बोळात दडलेला बखीत वैतागून गेला.

"उम्म शहात, ही भुतं जायाची कधी? वाल आंबायला लागलं माझं."

"गप ऱ्हा बोळातच. मोजत्यात काहीतरी. मोजून झालं की हाकलतील. आपन दिसलोच न्हाई, तर हाकलतील कुनाला?"

"हे मात्र खरं बोललीस," झनाती गाठोड्यावर बसून म्हणाला. "तुझ्या डोक्यात मंत्री बसतुया."

तिघं काय मोजत होती ते कुणी विचारलं नाही. आपण विचारायला गेलो म्हणजे आपण आहोत हे कबूल केल्यासारखं.

ती स्वतः मात्र जागेवरून हलली नाही. स्टो अंगावरच्या काळ्या चादरीखाली, किटली मांडीआड, आणि ही बसची वाट बघणारी म्हातारी. पोरगी ऊन लागलं की सावलीला यायची. तिचं नाव लमीस. आखणी करणाऱ्या एका कचेरीत इंजिनिअर होती, पण इंजिनिअरचा तोरा नव्हता. कापडी बूट, चष्म्याच्या काडीला सुतळी बांधलेली.

"खाला, इथं उभी राहू का जरा?"

"सावली काय माझ्या बापाची हाय? ऱ्हा उभी."

"तुम्ही इथं काय करता?"

"बसची वाट बघतीया."

"कुठल्या बसची?"

"मतरियाच्या."

"मतरियाची बस इथून जाते?"

"जाती की. कवाकवा."

मतरियाची बस बंद होऊन सहा वर्षं झाली होती. पोरीनं कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सावलीला आली. ओठ सुकलेले, मान लाल झालेली.

"आजही मतरियाच का, खाला?"

"काल आलीच न्हाई मेली."

आता सोहागकडची बाई. दारात उन्हातून आलेलं माणूस उभं आणि आपल्या मांडीआड उकळतं पाणी. तिनं बराच वेळ कळ काढली. मग पदर तोंडाशी धरून चादरीखाली हात घातला, पेल्यात चहापत्ती टाकली, वरून पाणी ओतलं, पुदिन्याची काडी खोवली आणि पेला पुढं केला.

"साखर नको, खाला."

"का, कोन मेलंय का घरात?"

लमीस हसली. बिनसाखरेचा पेला दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "पण हा आला कुठून?"

"बसच्या नादी लागलेल्या मानसानं संगती काहीबाही ठेवावंच लागतं, पोरी."

पोरीनं चादरीकडे बघितलं. चादरीतून वाफ येत होती. तिनं पेला संपवला. तिसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन पेला मागितला, आणि पाटीवरचा छापील कागद समोर धरून एकेक विचारू लागली. नाव? इन्शिराह. राहायला? मागच्या गल्लीत. चौकात येण्याचं कारण? बस. रोज की कधीमधी? कवाकवा. इथं विक्री करणारं कुणी ओळखीचं? न्हाई बाई, इथं कोन इकायला बसतंय.

"शेवटचं, खाला. हा चौक आता नव्यानं बांधायचाय. झाडं, बसायला जागा, सगळ्यांना येता यावं असा. इथं काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही. ती जरा गडबडली.

"सावली," ती म्हणाली. आणि मग, तोंडातून निसटल्यासारखं, "आनि कुनी ऊठ म्हनू न्हाई."

लमीसनं पहिलं लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. छापील कागदावर तसा रकाना नव्हता की काय कोण जाणे. "कुणाला त्रास होईल असं मी काही लिहिणार नाही, खाला," एवढं बोलून तिनं कागदाखाली हिचा अंगठा घेतला, पेला उपडा ठेवला आणि ती गेली.

चौथ्या दिवशी चौकात सणच. बखीतनं सगळ्यांना वाडगाभर उसळ फुकट वाटली. झनाती टोपी उडवत नकाशेवाल्यांच्या चालीची नक्कल करत होता. "तीन दिवस टिकटिक, आनि मोजलं काय? कबुतरं." सगळे हसले. उम्म शहातनं आपल्याला हसू येत नाहीये असं दाखवलं, पण त्या दिवशी तिनं चहात साखर जरा जास्तच घातली.

आठ महिने काहीच झालं नाही. नवव्या महिन्यात औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर एक मोठा फलक लागला. रंगीत चित्र. चौकाच्या जागी हिरवळ, वाकडीतिकडी वाट, दगडी बाकं, कारंजं, अपंगांच्या गाडीसाठी उतार. माणसंही काढली होती, काचेची असावीत तशी फिकट. त्यांच्यातून मागची झाडं दिसत होती. झनाती नाक लावून बघत राहिला.

"ह्यात आपन कुठं हाय?"

"तू त्या झाडामागं दडलायस," बखीत म्हणाला.

चित्राखाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. तो कुणाला वाचता येईना म्हणून दुकानातून डॉक्टर वगीह बाहेर आले. दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. चौकातला सगळ्यात शिकलेला माणूस, आणि गेली वीस वर्षं दुपारचा चहा उम्म शहातचाच घेणारा. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. काम कधी सुरू होणार, किती झाडं लागणार. मग ते थांबले. एक ओळ त्यांनी मनात वाचली, आणि मग मोठ्यानं.

"मोजणीच्या वेळी चौकात विक्री करताना आढळलेल्या प्रत्येकाला, परवाना असो वा नसो, नव्या आखणीत पक्की जागा दिली जाईल. आढळलेल्या विक्रेत्यांची संख्या: शून्य."

"पुन्यांदा वाचा," झनाती म्हणाला.

त्यांनी पुन्हा वाचलं. तेच होतं.

मग सगळ्यांनी एकाच वेळी उम्म शहातकडे बघितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला ती कधी हटली नव्हती.

"डबा तू वाजवला," झनाती हळूच म्हणाला.

"बावीस वर्सं वाजवला तवा ग्वाड लागत व्हता."

"बावीस वर्सं बलदिया यायची. ती पोरं बलदियाची नव्हती. तुझ्यापाशी बसून चा पीत व्हती ती पोरगी. तुला इचारता आलं न्हाई?"

"तू का न्हाई इचारलंस? तुला काय त्वांड न्हवतं?"

"मी बोळात व्हतो," झनाती म्हणाला. "तू धाडलं व्हतंस."

बखीत गाडीचा दांडा पुसत राहिला. त्या दिवसापासून त्यानं तिला वाडगा पाठवायचं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. नुसता वाडगा येईना.

तक्रारीला पंधरा दिवसांची मुदत होती. सहाव्या दिवशी तिनं काळी चादर धुतली, नवऱ्याच्या मयतीला घातलेल्या वहाणा घातल्या आणि विचारत विचारत ती कचेरी गाठली. पाचवा मजला, लिफ्ट बंद. लमीस टेबलाशी होती. हिला बघून ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, पाणी दिलं. उम्म शहातनं पाण्याला हात लावला नाही.

"पोरी, त्या कागदावर शून्य कुनी लिवलं?"

लमीसनं कपाटातून फाइल काढली. तीन दिवसांचे कागद. इन्शिराह, वय साठच्या पुढे, मागच्या गल्लीत राहणारी, बसची वाट बघत होती. खाली तिनंच उमटवलेला अंगठा. निळ्या शाईचा अंगठा तिनं बराच वेळ न्याहाळला.

"खाला, हे तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं की. पर दोन दिस तू माझ्या हातचा चा प्यालीस. बसच्या थांब्यावर कोन इस्टू घिऊन बसतं गं? तुला दिसलं न्हाई?"

पोरगी खाली बसली. टेबलावरची पेन्सिल तिनं इकडून तिकडे ठेवली.

"दिसलं, खाला. सगळं दिसलं. बोळातली गाडीही दिसली. संत्र्यांवर बसलेल्या बायकाही दिसल्या." ती थांबली. "तुमच्याकडे परवाना नाही. चहावाली असं लिहिलं असतं, तर तोच कागद दुसऱ्या दिवशी बलदियाच्या टेबलावर गेला असता. आमच्या त्या दोघांना मीच सांगितलं, जे दाखवतायत तेच लिहा, बाकी लिहू नका. जागा मिळणार हा निर्णय नंतर झाला, तीन महिन्यांनी. तेव्हा मला काय माहीत? मी तुम्हाला वाचवत होते."

"आनि मी तुझ्यापास्नं वाचत व्हते."

भिंतीवर तेच हिरवं चित्र होतं, इथं अधिक मोठं.

"मग आता लिव्ह," उम्म शहात म्हणाली. "मी खोटं बोलले म्हनून लिव्ह. तू बी."

लमीसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात पेनाकडे गेला नाही. आपण जाणूनबुजून खोटं लिहिलं असं तिनं कबूल केलं, तर सगळी मोजणीच रद्द, आणि नोकरी जाईल ती वेगळीच. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण म्हातारी काही कालची नव्हती. शेवटी पोरीनं नियमाचं पुस्तक काढलं. एकच वाट होती. चौकातल्या दोन परवानाधारक दुकानदारांनी लिहून द्यायचं, की ही बाई इथं इतकी वर्षं चहा विकते. दोन सह्या, दोन शिक्के.

"बास? दोनच?" उम्म शहात म्हणाली. तिला हसूच आलं. बावीस वर्षं चौकाला चहा पाजलाय.

ती सरळ डॉक्टर वगीहकडे गेली. दुकानात गर्दी होती; त्यांनी तिला आत बोलावून औषधांच्या खोक्यावर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलले नाहीत. शिकलेला माणूस मधे बोलत नाही तेव्हा समजावं की तो नाही कसं म्हणायचं ते जुळवतोय.

"उम्म शहात, तुझा चहा मला आवडतो, हे तुला ठाऊक आहे."

"त्येच लिवायचं हाय, डाक्टर."

"पण आज तुझ्यासाठी सही केली, तर उद्या बखीत येईल. परवा झनाती. त्यांना नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं, तर पुन्हा तेच सगळं दुकानासमोर." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "माझ्या बापानं दुकान टाकलं तेव्हा समोर बाग होती. मी त्यात खेळलोय. मरायच्या आधी एकदा मला दारातून झाडं बघायचीत, माणसं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यांनी फळीवरून रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून तिच्या हातात ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. तिनं त्या घेतल्या. नसत्या घेतल्या तर रात्री डोकं तिचंच दुखणार होतं, डॉक्टरांचं नव्हे.

मोबाइलवाल्यानं ऐकूनच घेतलं नाही. रसवाला म्हणाला, आधी डॉक्टरांची आण, मग माझी. मुदत संपली.

हिवाळ्यात चौकाभोवती हिरवे पत्रे ठोकले. मिनीबस पुलाच्या पलीकडच्या टोकाला, चौथ्या खांबाखाली हलवल्या. बखीत गाडी विकून मुलाकडे गेला. झनाती गाठोडं खांद्यावर टाकून गेला. या खेपेस खरोखरच पाहुण्यासारखा गेला, कुठं ते सांगितलं नाही. नांदरूक चित्रात होतं, लमीसनं ते आठवणीनं ठेवलं होतं म्हणे. पण मुळं फरशी उचकटतात असा ठेकेदारानं अहवाल दिला आणि बागेसाठी झाड पाडलं. त्या जागी खांबासारखे सरळसोट ताड आणून लावले. ताडाची सावली पडते, पण ती दोन घरं पलीकडे पडते.

बाग उघडली त्या आठवड्यात उम्म शहात एकदा गेली. फाटक होतं, फाटकावर वेळ लिहिलेली, आणि खाली नियम: स्टो नको, गाडी नको, चादर पसरायची नाही. राखणदार तरुण होता, गणवेश नवा. त्यानं दार आदबीनं उघडलं. "या, हाज्जा, या. तुमचीच आहे बाग." ती दगडी बाकावर बसली. कारंज्याचे तुषार उडत होते, दोन बायका बाळाची गाडी ढकलत होत्या, डॉक्टर वगीह दुकानाच्या दारात हात मागे बांधून उभे होते आणि खरोखर सुखी दिसत होते. कुणी ऊठ म्हटलं नाही. पण हातांचं काय करायचं ते तिला कळेना. बावीस वर्षं या जागेवर ती एक घटका नुसती बसली नव्हती. येणारा जाणारा तिच्याकडे बघत होता आणि बघून पुढं जात होता, जसं बाकाकडे बघून जावं तसं. इथं तिच्या हातात किटली नव्हती, म्हणजे ती कुणीच नव्हती. बाकावर बसलेली एक म्हातारी, काळी चादर, एवढंच. पाव तासात ती उठली. राखणदारानं पुन्हा दार उघडलं.

दुसऱ्या सकाळी तिनं स्टो, पेले आणि किटली टोपलीत घातली आणि ती चौथ्या खांबाखाली गेली.

तिथं एक बाई आधीच बसत होती. सबाह, फय्यूमची, पस्तिशीची, नवऱ्यानं टाकलेली. तीन वर्षं तिनं तिथं कधी आठ पेले विकले होते, कधी दहा; मिनीबस आल्यापासून आत्ता कुठं तिची किटली चढायला लागली होती. उम्म शहात टोपली घेऊन आली तेव्हा सबाहनंच सरकून जागा दिली.

"बसा, खाला. मानसाला मानूस लागतंच." आणि पहिला पेला तिनंच हिला करून दिला. चहा पातळ होता.

उम्म शहात तीन पावलांवर बसली. पहिल्याच दिवशी जुने ड्रायव्हर धावत आले. "खाला आली रं." कुणाला किती साखर, कुणाच्या पोटात जळजळतं म्हणून पुदिना जास्त, कुणाच्या बायकोला कितवा महिना, सगळं तिला पाठ. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. पत्ती ती आणखी चांगली आणायला लागली. भाव उतरवला. सबाहचं गिऱ्हाईक पेला घेऊन उभं असलं, तर इकडून ती त्याची खुशाली विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक इकडे उभं असायचं. सबाह आधी हसायची. मग हसेनाशी झाली. मग तिचे पेले दिवसभर पाटावर उपडेच दिसायला लागले, धुऊन पुसून ठेवलेले, एकावरही डाग नाही.

दोन महिने ती तशी बसली. एका दुपारी तिनं पेले एकेक करून कागदात गुंडाळले, किटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि टोपली डोक्यावर घ्यायच्या आधी ती उम्म शहातसमोर येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

"मी आता जाऊ कुठं, खाला?"

उम्म शहात एका ड्रायव्हरला पेला भरून देत होती. तिनं मान वर केली नाही.

"चौकात बाग झालीया नव्हं," ती म्हणाली. "तिथं जा. समद्यांसाठी हाय म्हनं ती."

ड्रायव्हर हसला. सबाह जरा वेळ थांबली, ही थट्टा आहे की काय ते बघत. मग टोपली उचलून ती पुलाच्या उतारानं निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर उम्म शहातनं स्टो उचलला आणि तीन पावलं पलीकडे मांडला. खांबाची सावली तिकडे जास्त वेळ टिकायची.